वाळूखालची ठेव

मार्च उजाडला की व्यापारी घराला वर्षअखेरीचे हिशेब आणि साठ्याची मोजदाद यांखेरीज दुसरे काही सुचत नाही. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पण तेव्हा कोकणकिनारा तापलेला आणि माणसांनी फुललेला असतो. सहकुटुंब समुद्र पाहण्यास योग्य काळ त्याआधीचा, माघ-फाल्गुनातला. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आंबा मोहरलेला असतो आणि पानगळ झालेल्या रानात पळस पेटू लागतो. याच दिवसांत किनाऱ्यावर असे काही घडते, जे मे महिन्याच्या पाहुण्याला सहसा दिसत नाही.

मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे हे दोन्ही खेडला स्पर्श करून जातात. खेडहून पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर दापोली आहे. तेथून खाली उतरले की कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले ही किनाऱ्यावरची गावे लागतात. आणखी उत्तरेस, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. आज मात्र वेळासची ओळख कासवांचे गाव अशी आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. त्या ठेवीकडे ती पुन्हा फिरकत नाही. वाळूच्या उबेवर साधारण 45 ते 60 दिवसांत पिले बाहेर येतात. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्र्यांच्या तोंडी जात, तशीच माणसेही ती उकरून खात आणि विकत. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन संरक्षणाचे काम हाती घेतले. अंडी हलक्या हाताने काढून किनाऱ्यावरच कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीवर पुरली जाऊ लागली. पिले निघाली की ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि मग आपल्या पायांनी ती समुद्र गाठतात. पुढे हे काम आंजर्ल्यासह इतर गावांतही रुजले.

यातला व्यवहार व्यापाऱ्याने लक्षात घेण्याजोगा आहे. विकलेल्या अंड्याचे पैसे एकदाच मिळत आणि तेथेच तो जीव संपे. जिवंत पिलू पाहण्यासाठी मात्र दरवर्षी पाहुणे येतात, गावातल्या घरांत उतरतात, जेवतात, कोकम आणि आमसुले विकत घेतात. जीव राखल्याने घर चालते, हे या गावाने जमाखर्चानिशी दाखवून दिले. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासवच आहे. ज्या समाजाने अहिंसा आचारात आणली, त्याला या गावाचे काम परके वाटू नये.

मात्र पाहुणाच या ठेवीला धोका ठरू शकतो. पैसे मोजून, दूरचा प्रवास करून आलेल्या माणसाला पिले दिसलीच पाहिजेत असे वाटते. पण उबवणीचा काळ वाळूच्या तापमानावर ठरतो. सकाळ-संध्याकाळ घरटी पाहिली जातात. कधी वीस-पंचवीस पिले निघतात, कधी एकही नाही. अशा वेळी कार्यकर्त्यांवर दडपण आणणे, कुंपणाला रेलून गर्दी करणे किंवा पिलू तळहातावर घेऊन छायाचित्र काढणे, हे सारे त्या जिवाच्या मुळावर येते. पिले उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून विजेरी आणि मोबाईलचा झोत त्यांची वाट चुकवतो. वाळूवर मोटार नेण्याची हौस तर टाळलीच पाहिजे. चाकाखाली घरटे आहे की खेकड्याचे बीळ, हे चालकाला दिसत नाही.

काही व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी. कांदा, लसूण आणि कंदमुळे चालत नाहीत, तसेच सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, हे यजमानांना आधी कळवावे. संध्याकाळची पिले सूर्यास्ताच्या सुमारास सोडतात, म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी जेवून मगच किनाऱ्यावर जावे. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव भरतो. ज्यांना ते दृश्य सोसवत नाही त्यांनी सुवर्णदुर्ग पाहण्यासाठी दुसरी वेळ निवडावी. कोळी बांधवांच्या उपजीविकेसमोर उभे राहून नाक मुरडणे पाहुण्याला शोभत नाही. मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा, म्हणजे एक संध्याकाळ रिकामी गेली तरी दुसऱ्या दिवसाची सकाळ हाती उरते.

आणि सकाळही रिकामी गेली तर? मुले हिरमुसतील. त्यांना एवढेच सांगावे की पिले वाळूखाली सुखरूप आहेत आणि त्यांची वेळ अजून यायची आहे. प्रत्येक गोष्ट मागितल्या क्षणी मिळण्याची सवय लागलेल्या पिढीला हा धडा समुद्रकाठी फारसा कडू लागणार नाही.