नवलाख उंबऱ्यातून सुवर्णभूमीकडे

तळेगाव दाभाडे सोडून इंद्रायणी ओलांडली की नवलाख उंबऱ्याचा रस्ता लागतो. एके काळी या बाजूला पावसाळ्यात नजर पोहोचेल तिथवर भातखाचरे दिसत. आता औद्योगिक वसाहतीच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि तीन पाळ्यांचे भोंगे आहेत. जमिनीचा मोबदला कुणी घरात घातला, कुणी गाडीत. कुणी शहाणपणाने मुलांच्या शिक्षणात. या सगळ्या घालमेलीत गावातील मध्यमवर्गीय घरांत एक नवी गोष्ट रुजली आहे, ती म्हणजे सुटीतील परदेशवारी. आधीच्या पिढीने पंढरीची वारी केली, फार तर उतारवयात एकदा काशी-रामेश्वर केले. कारखान्यात पर्यवेक्षक असलेला मुलगा आणि शाळेत शिकवणारी सून मात्र लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला थेट बँकॉक गाठतात. हे जोडपे एका घरचे नव्हे. मावळात, चाकणला, नाशकात आणि कोल्हापुरात अशी जोडपी आज शेकड्यांनी आहेत.

या ओढीची कारणे साधी आहेत. २०२२ साली पुण्याहून बँकॉकला थेट विमान सुरू झाले. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट काढली, आणि २०२४ या एका वर्षात एकवीस लाखांहून अधिक भारतीय तेथे जाऊन आले. खर्चाचा मेळ घातला तर अंदमान आणि थायलंड यांत पुष्कळदा फारसे अंतर उरत नाही. त्यातून 'परदेश' या शब्दाचे वजन निराळेच.

या प्रवासाला नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यायला लावणारी सिंधुबंदी आपण मोडीत काढली, हे चांगलेच झाले. केसरी पाटील यांच्यासारख्या माणसाने १९८४ साली पर्यटनसंस्था काढून मराठी कुटुंबाला घराबाहेर पडायला शिकवले, त्याचे मोलही कमी नाही. उलट, पती-पत्नी जोडीने थायलंडला जातात, ही एका जुन्या दुखण्यावरची मात्रा आहे. विक्रीचे लक्ष्य गाठले म्हणून विक्रेत्यांच्या टोळ्या कंपनीच्या खर्चाने पट्टायाला न्यायच्या, आणि परतल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकवायचे, हा प्रकार आपल्या व्यापारी वर्तुळात वर्षानुवर्षे चालत आला. 'बँकॉकला गेला होता' या वाक्याला मराठीत जो वास येतो, तो तेथल्या लोकांनी नव्हे, आपल्याच पुरुषांनी लावलेला आहे. शेजारी पत्नी बसलेली असली की तो देश वेगळा दिसू लागतो.

दिसू लागतो, पण पाहिला जातो का? सर्वसाधारण कार्यक्रमपत्रिका चार रात्रींची असते: दोन पट्टायाला, दोन बँकॉकला. कोरल बेटावर पाण्यातील खेळ, रात्रीचा नृत्याचा प्रयोग, प्राण्यांचे उद्यान, रत्नांच्या दुकानातील सक्तीची फेरी, चाओ फ्राया नदीवर हिंदी गाण्यांच्या तालावर जेवण आणि उरलेला सगळा वेळ खरेदी. सोबत मराठी स्वयंपाकी असल्याने वरण-भातही चुकत नाही. पाच दिवसांनी जोडपे लोहगावला उतरते तेव्हा पिशव्या भरलेल्या असतात. देश मात्र पाहायचा राहून गेलेला असतो.

वास्तविक तो देश विमानतळावरच समोर उभा राहतो. २००६ साली सुरू झालेल्या या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. तेथे समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर आणि मध्ये वासुकीचा दोर. जोडपे त्यापुढे छायाचित्र काढून घेते आणि पुढे जाते. मोबाईलवर नातेवाइकांना 'पोहोचलो' कळवताना त्यांना ठाऊक नसते की, थाई भाषेत दूरध्वनीला 'थोरसप' म्हणतात, म्हणजे 'दूरशब्द'. परकीय शब्दांना संस्कृतातून प्रतिशब्द घडवण्याचा जो उद्योग सावरकरांनी मराठीत केला आणि ज्याची आपल्याकडे पुष्कळ टिंगल झाली, तोच थाई लोकांनी गाजावाजा न करता केला आणि पचवला. त्यांचे 'सवात्दी' हे अभिवादन 'स्वस्ति'तून आले. तेथील 'महाविथ्थयालय' हे आपले महाविद्यालयच. फक्त तेथे त्या शब्दाचा अर्थ विद्यापीठ असा होतो.

राजवाड्याच्या आवारातील वात फ्रा केओ या मंदिराभोवतीच्या ओवरीत रामकथेची १७८ भित्तिचित्रे ओळीने रंगवलेली आहेत. थायलंडची ही रामकथा म्हणजे 'रामकियेन'. १७८२ साली गादीवर आलेल्या चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने तिचे काव्यरूप सिद्ध करवून घेतले. या घराण्यातील राजांना 'राम' म्हणतात; आजचे राजे दहावे राम. चक्र आणि त्रिशूळ हे या घराण्याचे चिन्ह. राजा आणि प्रजा बौद्ध, तरीही २०१९ च्या राज्याभिषेकात दरबारी ब्राह्मणांचे स्थान कायम होते. पेरणीच्या तोंडावर होणारा शाही नांगरणीचा सोहळाही त्यांच्याच हातून पार पडतो.

पण याच ओवरीत मावळच्या जोडप्याला एक धक्काही बसू शकतो. रामकियेनमधला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना अडथळा आणणाऱ्या सुवर्णमत्स्या या रावणाच्या जलकन्येवर तो अनुरक्त होतो आणि त्यांना पुत्रही होतो. वेशीवरच्या मारुतीला दर शनिवारी तेल वाहणाऱ्या सुनेने हे ऐकून काय करायचे? संतापायचे? मुळीच नाही. कुतूहलाने ऐकायचे, आणि गावी परतल्यावर सासूबाईंना सांगायचे. 'हे सगळे मुळात आपलेच' अशी छाती फुगवणे हा आपल्याकडील सुशिक्षितांचा आवडता छंद आहे. थाई लोकांनी रामकथा उसनी ठेवली नाही. त्यांनी ती आपल्या नद्यांत बुडवून, आपल्या मुखवट्यांनी सजवून स्वतःची केली. घरची लेक सासरी जाऊन तिथल्या रीतीने संसार करते, तेव्हा माहेरच्यांनी तिच्या स्वयंपाकात चुका काढायच्या नसतात.

आणि माहेर तरी आपण कितीसे पाहिले आहे? कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखात 'मामाल' या विभागाचा उल्लेख येतो. आजचे मावळ ते हेच. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने घडवलेल्या त्या चैत्यगृहाला तेथील लेखात जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह म्हटले आहे. सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या चैत्याच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. सोपारा आणि कल्याण या बंदरांचा माल बोरघाट चढून याच मामालातून देशावर जात असे, आणि या व्यापाऱ्यांच्या दानांवर ही लेणी उभी राहिली. पश्चिम किनाऱ्यावरून सुवर्णभूमीला निघालेल्या व्यापाऱ्यांच्या कथा जातकांत आहेत. सुवर्णभूमीच्या वाटेवर गलबत फुटूनही पोहत राहणाऱ्या महाजनक राजपुत्राची जातककथा थायलंडचे राजे भूमिबल यांनी स्वतः थाई भाषेत नव्याने लिहिली. १९९६ साली ती प्रसिद्ध झाली. राजाने लिहिलेली ती कथा थाई मुलांपर्यंत पोहोचली. मावळातल्या मुलांना मात्र एकवीरेच्या दर्शनाला गेल्यावर शेजारचे चैत्यगृह तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी बाहेरूनच दाखवले जाते.

मावळच्या माणसाने परदेशी जाताना आणखी एक गोष्ट सोबत न्यायला हवी, आणि ती त्याच्याकडे इतरांपेक्षा अधिक आहे. पर्यटकांचा लोंढा आपल्या अंगणात शिरला की काय होते, हे त्याने भोगले आहे. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याचा रस्ता तुंबतो, रुग्णवाहिका अडकते, भातखाचरात बाटल्या सापडतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. नवलाख उंबऱ्याच्या पंचक्रोशीतलीच ती जागा. त्या दिवसांत 'हे लोक आमच्याकडे येतात तरी कशाला?' हा उद्गार गावोगावी ऐकू आला.

हाच उद्गार आज पट्टायाचा दुकानदार भारतीयांविषयी काढू लागला आहे. किनाऱ्यावर उघड्यावर उरकलेले विधी, हॉटेलच्या न्याहारीतून पिशवीत भरलेली फळे, मालिश करणाऱ्या मुलीशी केलेली घासाघीस आणि त्याहून वाईट बोलणे, यांच्या चित्रफिती जगभर फिरतात. थायलंडला पर्यटकांचा पैसा हवा आहे. पण वेळ पडली तर दार लावण्याचे धैर्यही त्या देशात आहे. गर्दीने प्रवाळ नष्ट होऊ लागले तेव्हा जगप्रसिद्ध माया बे हा किनारा त्यांनी २०१८ च्या जूनमध्ये बंद केला आणि २०२२ च्या जानेवारीपर्यंत पर्यटकांना उघडला नाही. भुशीच्या बाबतीत आपल्याला एक पावसाळाही असे जमलेले नाही.

तेव्हा जाणाऱ्या जोडप्याने दोन छोटे बदल करून पाहावेत. निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन कार्ल्याच्या पायऱ्या चढाव्यात, तिकीट काढून चैत्यात शिरावे आणि खांबांवरचे दात्यांचे लेख निदान बोटाने दाखवावेत. आणि बँकॉकमध्ये रत्नांच्या दुकानाचा दिवस सोडून अयुथ्थया गाठावी. अयोध्येचे नाव घेऊन १३५१ साली वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली. जाळणारे आणि जळणारे दोघेही बुद्धाचेच उपासक होते. हंपी पाहिलेल्या माणसाला त्या भग्न विटांपुढे फार समजावून सांगावे लागत नाही. तेथील वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी कवटाळलेले बुद्धाचे मस्तक आहे. त्याच्याजवळ छायाचित्र काढायचे तर आपले डोके त्या मस्तकाहून खाली राहील असे जमिनीवर बसायचे, असा तिथला दंडक आहे, आणि रखवालदार तो पाळायला लावतात. बँकॉकहून सकाळच्या आगगाडीने निघाले तर दीड-दोन तासांत अयुथ्थया येते. दिवसभर हिंडून संध्याकाळच्या जेवणाला पुन्हा आपल्या मंडळींत परतता येते.