घरांतला समुद्र आणि गृहस्थाची काटकसर

सातारा-सांगलीकडील माणसास समुद्र पाहावयाचा तर कुंभार्लीचा नाहीं तर आंब्याचा घाट उतरावा लागतो. तो समुद्र काचेच्या पेटींत भरून दिवाणखान्यांत आणावा, त्यांत रंगीत मासे व प्रवाळें नांदावींत, आणि हें सर्व बेताच्या खर्चांत व्हावें, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ घरांतील मुलें बोलून दाखवूं लागलीं आहेत. इच्छा वाईट नाहीं. परंतु तिच्यामागें केवळ पैशाचा नव्हे, तर कांहीं जिवांचा आणि घरांतील माणसांच्या श्रमांचा प्रश्न आहे. म्हणून या महिन्यांत तिचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय तें पाहूं. मंगळासाठीं पोवळ्याची अंगठी घालणाऱ्या घरांस तें नांवानें तरी परिचित आहे. संस्कृतांत 'प्रवाल' म्हणजे पोवळें, तसाच कोंवळा अंकुरही. 'विद्रुम' या दुसऱ्या नांवांतही वृक्ष आहेच. युरोपांतील विद्वानही अठराव्या शतकापर्यंत प्रवाळास बहुधा वनस्पतीच समजत. तो प्राणी आहे असें पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें त्याच शतकांत प्रतिपादिलें. मौज अशी कीं, खडक रचणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवालें वस्तीस असतात आणि सूर्यप्रकाशावर तीं जें अन्न तयार करतात, त्यावर यजमानाचा बराचसा निर्वाह चालतो. तेव्हां अंकुर म्हणणारे अगदींच चुकले नव्हते. पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून एखाददुसरा अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर हा शेजार मोडतो व प्रवाळ पांढरें पडतें. १९९८ सालीं लक्षद्वीपासह जगांत अनेक ठिकाणीं असें घडलें.

हीं प्रवाळें आपल्यापासून फार दूर नाहींत. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. तेथें सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तीं आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर, भर समुद्रांत, 'आंग्रिया बँक' नांवाचें बुडालेलें पठार आहे, त्यावरही त्यांची मोठी वस्ती आहे. ज्यांच्या नांवावरून हें नांव पडलें ते कान्होजी आंग्रे साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे सरखेल. म्हणून सातारकरांस तें स्थळ परकें वाटूं नये.

परंतु तेथील एक फांदीही उचलून आणणें हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघ जेथें आहे त्याच पंक्तींत, खडक रचणारीं सर्व प्रवाळें २००१ सालीं घालण्यांत आलीं. समुद्रघोडाही त्यांच्याबरोबरच आला. मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यासही तो कायदा लागू आहे, हें शोभेचे दगड घेणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. परदेशांतून येणाऱ्या प्रवाळावर 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे. दुकानदार "कांहीं होत नाहीं" म्हणूं लागला, कीं आपण "कागद दाखवा" म्हणावें. सारांश, नवशिक्या गृहस्थानें प्रवाळावांचूनच आरंभ करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. खडक हवा तर भाजलेल्या मातीचा, समुद्रपेटीसाठींच तयार केलेला घ्यावा. यांत कायदा पाळला जातो, आणि प्रवाळासाठीं लागणारे प्रखर दिवे व औषधी क्षार यांचा खर्चही वांचतो.

आतां हिशेब. ६० सें. मी. लांब, ४० रुंद व ४० उंच अशा पेटींत ९६ लिटर पाणी मावतें. काच व खडक धरून वजन सव्वाशे किलोच्या घरांत जातें. म्हणून जुन्या वाड्याच्या माडीवर ती ठेवूं नये, तळमजल्यावर भिंतीलगत ठेवावी. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्या भरणीस सव्वातीन किलोंहून थोडें अधिक मीठ लागेल, आणि दर आठवड्यास १० लिटर पाणी बदलावयाचें तर ३५० ग्रॅम. स्वयंपाकघरांतील मीठ येथें चालत नाहीं. समुद्री क्षारांत साध्या मिठाचे घटक शेंकडा ८५ असले, तरी उरलेल्या शेंकडा १५ मध्यें मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि द्रव्यें येतात आणि त्यांवांचून तेथील जीव जगत नाहींत. कोंकणांतून पाण्याचे डबे आणण्याचा बेतही करूं नये. घाटाची वाहतूक मिठाहून महाग पडते, आणि पावसाळ्यांत किनाऱ्याचें पाणी गढूळ व अळणी झालेलें असतें.

गोडें पाणी नळाचें घेऊं नये. त्यांत क्लोरीन असतो. स्वयंपाकघरांतील आर.ओ. यंत्राचें घ्यावें. मात्र कित्येक यंत्रांत शुद्ध पाण्यांत थोडें कच्चें पाणी परत मिसळण्याची योजना असते, ती बंद करून घ्यावी. पेटींतील पाणी आटलें तर तूट गोड्या पाण्यानेंच भरावी; वाफ होऊन पाणी जातें, मीठ मागेंच राहतें.

पाणी भरतांच मासे सोडणें म्हणजे त्यांस मारणें होय. माशांच्या मलमूत्रांतून विषारी अमोनिया होतो. एका जातीचे जंतू त्याचें नायट्राइट करतात, दुसरे त्याचें पुष्कळ कमी घातक असें नायट्रेट करतात. हे जंतू खडकावर जमण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लावून घटकाघटकेस भांडें हलविणाऱ्यास दहीं मिळत नाहीं, तसेंच हें आहे. रोज चिमूटभर खाद्य टाकावें, दर आठवड्यास तपासावें, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसूं लागलें, म्हणजे मगच मासा आणावा.

आमच्याकडील खरी अडचण उष्म्याची. पाणी २४ ते २७ अंशांत राहावें, आणि सांगलीचा एप्रिल तर सर्वांस ठाऊकच आहे. शीतयंत्र महाग पडतें. त्याऐवजीं पृष्ठभागावर लहानसा पंखा सोडावा. माठांतील पाणी ज्या न्यायानें गार होतें त्याच न्यायानें हेंही होतें, आणि कोरड्या हवेंत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. साताऱ्याच्या थंडींत मात्र लहान तापक लागेल. दिवा ५० वॅटचा आठ तास व पंप २० वॅटचे अहोरात्र धरले, तर रोज एक युनिटाहूनही कमी वीज लागते. पण पंप कांहीं तास बंद पडले, तर पाण्यांतील प्राणवायु घटून मासे गुदमरतात. २०१९ च्या ऑगस्टांतील महापूर सांगलीकर विसरलेले नाहींत. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावाच.

काटकसर आणि कृपणता यांतला भेद येथें नीट दिसतो. पेटी जुनी घ्यावी, चौरंग घरचा असावा, माशांची संख्या थोडी असावी, ही काटकसर. मीठ हलकें घेणें, क्षारमापक न घेणें, तपासणी टाळणें, ही कृपणता. तिचें मोल मुक्या जिवांस द्यावें लागतें. एवढ्या पेटींत तीन लहान मासे पुरेत. त्यांत क्लाउन माशांची जोडी उत्तम; त्यांस समुद्रपुष्पाची आवश्यकता नसते. त्यांची पैदास टाक्यांत करण्याचें तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें साधलें आहे, तेव्हां समुद्रांतून पकडलेला मासा न घेतां पैदाशीचाच मागून घ्यावा.

शेवटीं एक गोष्ट, जी कोणत्याही यादींत नसते. चांगल्या निगेंत क्लाउन मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. पेटी मागणारा मुलगा आज बारा वर्षांचा असेल, तर सहा वर्षांनीं तो पुण्यास शिकावयास जाईल. मासे घरींच राहतील. त्यानंतर पाणी कोण बदलणार? बहुतेक घरांत असलीं कामें न विचारतां सुनेच्या नाहीं तर आजोबांच्या पदरीं पडतात. म्हणून पैसे काढण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसावें, वार वांटून घ्यावे, आणि ज्यांच्यावर काम पडणार त्यांची संमति प्रथम घ्यावी. ती नसेल तर मुलांस घेऊन दोन दिवस मालवणास जावें. तेथील समुद्रास आपल्या हातून पाणी बदलून घ्यावें लागत नाहीं. त्यांत कचरा न टाकणें एवढेंच आपलें काम.