पोतं पांघरून पंप वाचत नाही

थंडीची लाट आली की दोन दिवसांत एक सल्ला गावोगाव फिरतो. फवारणीच्या पंपाला पोतं गुंडाळा, गाडीवर ताडपत्री टाका, जवळ शेकोटी करा, निवांत झोपा. सल्ला देणारा मोकळा होतो. सकाळी गेज फुटलेला, फिल्टरच्या वाटीला चीर आणि नोझल बंद, हे बघायला पिकअपवाला पोरगा एकटाच असतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. रात्रीच्या थंडीत पंप वाचवायचा असेल तर त्यातलं पाणी काढा. बाकी सगळं त्यानंतर. आणि पाणी काढायला जी पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याचे पैसे द्यायला आपण बागाईतदार तयार नाही. खरं दुखणं तिथं आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी “इथं काय काश्मीर लागून गेलं का” म्हणणाऱ्यांचं बघू. निफाड तालुक्यात राहून हे बोलणाऱ्यांचं मला नवल वाटतं. २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठलेलं तेव्हा अनेकांनी बघितलं. आता कोणी म्हणेल, दोन अंश म्हणजे शून्य नव्हे, पाणी गोठेल कसं? तर हवामान केंद्राचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो. तुमच्या पिकअपच्या हौद्यात उघड्या आभाळाखाली ठेवलेला लोखंडी पाइप हवेएवढाच गार राहत नाही. आभाळ निरभ्र असेल, वारा पडला असेल, तर उघडी वस्तू रात्रभर आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि हवेपेक्षा दोन-चार अंश खाली जाते. पेपरात पारा २ छापून येतो आणि गाडीच्या टपावर मात्र पांढरा थर असतो, तो यामुळे. पानावरचं दव गोठतं ते ह्याच हिशेबानं, मग गेजमधलं पाणी काय वेगळ्या मातीचं आहे का?

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर मीही घाबरवणाऱ्यांतलाच एक ठरेन. आपल्याकडच्या थंडीत एचटीपी पंपाचं जाड पितळी हेड एका रात्रीत फुटेल असं मी म्हणत नाही. ते हिमाचल, काश्मीरच्या सफरचंदवाल्यांचं दुखणं, तिथं रात्रीमागून रात्री पारा शून्याखाली राहतो. आपल्याकडं शून्याखाली जाणारे तास मोजकेच, तेही पहाटेचे. पण तेवढ्या वेळात जिथं चमचाभर पाणी असतं ते गोठू शकतं. प्रेशर गेजची आतली वाकडी नळी, फिल्टरची प्लॅस्टिकची वाटी, बूमच्या बारीक नळ्या, नोझलच्या मागं थेंब अडवणारा पडदा, गनची चावी. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो. जागा नसली की भांडं देतं.

आणि इथंच टाकी माणसाला फसवते. पोरगा सकाळी झाकण उघडून बघतो, आत ६०० लिटर पाणी जसंच्या तसं. म्हणतो, काही गोठलं नाही, मारा स्टार्टर. टाकी गोठणारच नाही हो! एक लिटर पाणी एक अंशानं गार व्हायला एक किलोकॅलरी उष्णता जावी लागते. संध्याकाळी २० अंशांवर असलेल्या ६०० लिटरला शून्यावर यायलाच १२ हजार किलोकॅलरी घालवाव्या लागतात, आणि शून्यावर आल्यावर बर्फ व्हायला लिटरमागं आणखी ८०. आपल्या एका रात्रीचं हे काम नाही. पण टाकीखालच्या सक्शनच्या जाळीत बर्फाचे खडे अडकले असतील तर पंपाला पाणीच मिळत नाही. तो कोरडा ओढतो, वायसर जळतात, आणि डिलिव्हरीची बाजू बंद असेल तर दाब सगळा कमकुवत जागी जातो. नुकसान बर्फानं थोडं होतं, घाईनं चालू करण्यानं जास्त होतं.

आता पोत्याचं बघू. स्वेटर माणसाला ऊब देतो कारण ऊब माणसाच्या अंगातून येते, लोकरीतून नाही. दगडाला स्वेटर घालून बघा. बंद पंप हा दगडच. दिवसभर चालून हेड गरम असेल तर पोतं ती ऊब तास-दोन तास लांबवेल, पहाटेच्या चारला काही उरत नाही. पोतं दवानं ओलं झालं आणि पहाटे कोरडा वारा सुटला तर ते उलट जास्त गार पडतं, माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसंच. ताडपत्रीचं मात्र थोडं वेगळं आहे. डोक्यावर आडोसा असला की उष्णता थेट आभाळात जात नाही, म्हणून गाडी उघड्यावर लावण्यापेक्षा शेडखाली, निदान आंब्याच्या झाडाखाली लावलेली केव्हाही बरी. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ताडपत्री पंपाला चिकटून नको, मध्ये हवा हवी.

मागून बंद बॉडीच्या गाड्या घेतलेल्यांना वाटतं आपण सुटलो. दार लावलं म्हणजे घर झालं, असं नसतं. घराच्या भिंतीत दिवसभराचं ऊन साठलेलं असतं, गाडीचा पत्रा एवढासा पातळ, तो काय साठवणार? आत ऊब देणारं काही नसेल तर पहाटे आतला आणि बाहेरचा पारा जवळपास सारखाच.

बरं, आत ऊब देणारं काय ठेवायचं? साधं पाणी! २०० लिटरचा ड्रम भरून घट्ट बांधून ठेवा. तो रात्रीतून २० वरून १० अंशांवर आला तर २ हजार किलोकॅलरी सोडतो. विजेच्या भाषेत ते सव्वादोन युनिटांच्या वर जातं, म्हणजे २०० वॅटचा बल्ब अकरा-साडेअकरा तास पेटता ठेवल्यासारखं. फुकटात, आगीच्या भीतीविना. फक्त हे बंद गाडीत चालतं. उघड्या हौद्यात ती ऊब वाऱ्यावर जाते.

शेकोटीबद्दल मात्र मी हात जोडून नाही, दटावून सांगतो. प्लॅस्टिकची टाकी, पेट्रोलचं इंजिन, औषधाच्या बाटल्या, आणि शेजारी जाळ! आणि त्याहून वाईट म्हणजे गाडीतच झोपणारे मजूर घमेल्यात निखारे घेऊन दार लावून घेतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर दिसत नाही, झोपेतला माणूस उठत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पंपाच्या वाटीसाठी असला खेळ करायचा नाही. मजूर मुक्कामी असेल तर त्याला घराच्या पडवीत जागा द्या, एवढी माणुसकी परवडते.

काही हुशार लोक म्हणतात, टाकीत औषध कालवलेलंच ठेवा, औषधाचं पाणी गोठत नाही. लिटरला दोन ग्रॅमच्या मात्रेनं पाण्याचा गोठणबिंदू अंशाच्या दहाव्या भागानंही हलत नाही. वर रात्रभर उभं राहिलेलं द्रावण तळाला बसतं, सकाळी काही ओळींना नुसतं पाणी आणि काहींना डबल डोस. मीठ टाकलं तर गोठणार नाही हे खरं, पण पितळ आणि लोखंड खाऊन टाकेल, आणि उरलेल्या अंशानं द्राक्षाची पानं करपतील. कूलंट ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्येच शोभतं. तिथं मात्र नुसतं पाणी भरून फिरणाऱ्यांनी ते जरूर घालावं. फवारणी पंपात ते ओतून सकाळी गोठ्याशेजारी सोडून देऊ नका. चवीला गोड असतं, जनावर नाहीतर कुत्रं चाटतं, आणि ते विष आहे.

मग करायचं काय? काम संपलं की टाकीत चांगलं पाणी घेऊन धुवा, ते धुवण बागेच्या कडेनंच मारा, नाल्यात सोडू नका. टाकी खालच्या बुचानं रिकामी करा. सक्शनचा पाइप हवेत उघडा ठेवून पंप अर्धा मिनिट चालवा, त्याहून जास्त नको, म्हणजे हेडमधलं आणि होजमधलं बरंचसं पाणी निघतं. त्या वेळी गन दाबलेली आणि खाली झुकलेली ठेवा. फिल्टरची वाटी खोलून कोरडी करा. गेज काढता येत असेल तर काढून खोलीत न्या. गेज महाग म्हणून नाही, तर बिघडलेला गेज खोटा दाब दाखवतो आणि पोरगं त्या आकड्यावर विश्वास ठेवून फवारतं म्हणून.

आणि चाव्यांचं. हे जवळपास कोणीच करत नाही. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की आतल्या गोळ्याच्या भोकात घोटभर पाणी कोंडून राहतं. टाकी कोरडी, पाइप कोरडा, आणि चावी फुटलेली, असं होतं ते यानंच. दांडी अर्धवट, तिरपी ठेवा, कोंडलेलं पाणी निघून जातं.

सकाळी जाळीत बर्फ दिसलाच तर इंजिनाला हात लावू नका. पुली आधी हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर उन्हाची वाट बघा, फार तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा. उकळतं पाणी ओतून प्लॅस्टिक तडकवणारे महाभाग मी बघितलेत. आणि घाई कशाची आहे? पानांवर दव गोठलेलं असताना फवारायचं नसतंच. नऊ-साडेनऊपर्यंत पान कोरडं होईस्तोवर पंपही मोकळा होतो.

थंडीत ठिबकच्या नळ्यांची काळजी करणाऱ्यांना एवढंच सांगतो की मऊ नळी बरंच सोसते आणि ड्रिपरमधून निथळतेही. कडक प्लॅस्टिकचे फिल्टर, व्हेंचुरी, एअर व्हॉल्व्ह बघा. वीज रात्रीच्या पाळीला, आपण पहाटे तीनला मोटर बंद करून घरी येतो, आणि हेडयुनिट नेमकं सर्वांत गार वेळी भरलेलं उभं असतं. ही पाळी कोणी ठरवली ते आपल्याला माहीत आहे, त्यावर वेगळं लिहीन.

आता पैशाचं. भाड्यानं फवारणी करणारा पोरगा टाकीमागं पैसे घेतो. त्याच्या डोक्यावर पिकअपचा हप्ता असतो. भुरीचा जोर असला की आपण त्याला संध्याकाळी सात वाजता फोन करतो, “एक टाकी मारून जा रे.” तो मारतो. रात्री साडेआठला, बोटं बधिर झालेली, त्याच्याकडं पाना धरायचं त्राण नसतं. पोतं टाकतो नि घरी जातो. दुसऱ्या दिवशी पंप बंद पडला की नुकसान त्याचं, आणि ओरडाही आपलाच. मणी फुगवणीच्या वेळी दोन दिवस फवारणी हुकली आणि भुरी घडात शिरली, तर कोणाच्या खिशातून जातं? टाकीमागच्या दरात पंप रिकामा करण्याचा वेळ धरला असता तर त्यापुढं ती रक्कम चहापाण्याएवढी होती.

मशीन विकणाऱ्यांनाही सोडत नाही. इटलीच्या धर्तीचे डायफ्राम पंप इथं विकता, त्यांच्या पुस्तिकेत थंडीत पंप रिकामा करायचं पान असतं, पण ते इंग्रजीत. मराठीत एक स्टिकर टाकीवर चिकटवायला किती लागतं? टाकीच्या सर्वांत खालच्या जागी आणि फिल्टरखाली निथळीची चावी द्या, बूच खोलायला माणसाला गाडीखाली लोळायला लावू नका. आणि गोठून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही हे विकतानाच सांगा, जानेवारीत नको.

आमच्या वस्तीवर आम्ही चार बागाईतदारांनी यंदा दर बदललाय. डिसेंबर ते फेब्रुवारीमधोमध, रात्री पारा सहाच्या खाली जाईल असा अंदाज असेल तर शेवटची टाकी साडेपाचला, आणि पंप आमच्यासमोर रिकामा करायचे वीस मिनिटांचे पैसे वेगळे. पिकअप शेडखाली लागते, गेज आमच्या कपाटात राहतो. तुमच्याकडं काय दर चाललाय, आणि पाणी काढायचं काम कोणाच्या अंगावर आहे, ते खाली लिहा.