एका विक्षिप्ताची कैफियत

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'द एव्हिएटर' हा 2004 सालचा चित्रपट म्हणजे एका धनाढ्य विक्षिप्ताची निव्वळ भाटगिरी होय, असा फतवा एका विद्वान टीकाकाराने नुकताच काढला आहे. त्याच्या फिर्यादीची कलमे थोडक्यात अशी: चित्रपटाचा नायक हॉवर्ड ह्यूज याचे वैभव वडिलार्जित होते, त्याच्या प्रचंड लाकडी विमानाने सरकारी तिजोरीला चाट लावली आणि ते उडाले अवघे मैलभर, आणि कथा 1947 पाशी तोडून दिग्दर्शकाने नायकाची पुढील 29 वर्षांची अधोगती दडपली.

वडिलार्जित इस्टेट पुष्कळांना मिळते. तीतून 1938 साली 91 तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारे वारस थोडे. मैलभराचे गुपित तर चित्रपटानेच भर पडद्यावर फोडले आहे.

खरा विनोद तिसऱ्या कलमात आहे. एका परिच्छेदात वेड दडपल्याचा आरोप करणारे हेच गृहस्थ पुढच्या परिच्छेदात हात धुण्याच्या प्रसंगांनी कंटाळा आणल्याची तक्रार करतात; तेव्हा त्यांना वेड अधिक हवे की उणे, याची जबानी प्रथम त्यांच्याकडूनच घेतली पाहिजे. विमानाच्या अंगावर रिव्हेटचे एकही डोके वर राहता कामा नये म्हणून पत्र्यावरून हात फिरवणारा ह्यूज, आणि प्रसाधनगृहाच्या दाराची मूठ धरवत नाही म्हणून दुसरा कोणी दार उघडेपर्यंत आत खोळंबून राहणारा ह्यूज, हे दोन पुरुष नव्हेत. ज्या असह्य काटेकोरपणाने 1935 साली ताशी 352 मैलांचा विक्रम घडवला, त्यानेच त्या माणसाला बंद खोलीत दुधाच्या बाटल्यांच्या रांगांमध्ये नग्न बसवले, हे चित्रपट दाखवतो, आणि शेवटच्या उड्डाणाचा जयघोष विरतो न विरतो तोच त्याला आरशापुढे एकच वाक्य पुनःपुन्हा बडबडत उभा करतो. याउपरही ज्यांना पुढील अधोगतीचा वर्षवार तपशील हवा, त्यांनी चित्रगृहात न जाता एखाद्या दप्तरखान्यात जावे. ऐतिहासिक नाटकात नायकाचा मृत्यू रंगभूमीवर झालाच पाहिजे, असा आग्रह धरणारे पंडित आमच्याकडेही होऊन गेले. त्यांच्या मागणीप्रमाणे लिहिलेली नाटके आज कोणी वाचत नाही, एवढे नमूद करून तो जुना वाद मी मिटवतो.

आता मंडन. व्यापारी विमानवाहतूक हा दूरदर्शी संचालक मंडळांनी शांतपणे आखलेला उद्योग होता, या सोयीस्कर समजुतीला हा चित्रपट धक्का देतो. वादळांच्या वरून उतारू नेता यावेत या ह्यूजच्या हट्टातून कॉन्स्टेलेशन विमान पुढे आले आणि 17 एप्रिल 1944 रोजी ते बरबँकहून वॉशिंग्टनला 6 तास 57 मिनिटांत पोहोचले. परदेशी मार्गांची मक्तेदारी कायद्याने एकाच कंपनीला देऊ पाहणाऱ्या मसुद्याविरुद्ध चौकशी समितीपुढे जो लढला, तोही हाच विक्षिप्त.

मात्र त्या 1944 च्या उड्डाणात ह्यूजच्या जोडीला असलेल्या आणि मुळात त्याला टीडब्ल्यूए या विमानकंपनीत आणणाऱ्या जॅक फ्रायला चित्रपटाने जवळजवळ कारकुनाच्या पायरीवर बसवले आहे. हा आक्षेप मी विनातक्रार मान्य केला असता. परंतु टीकाकारमहाशयांच्या फिर्यादीत फ्रायचे नावच नाही.