कान बदलण्याची घाई

गेल्या गणेशोत्सवाच्या तालमी चालू असताना आमचा भाचा रामबागेतल्या घरी आला, खांद्यावरची बास गिटार त्याने सतरंजीवर ठेवली आणि म्हणाला, "मामा, हिचा पिकअप बदलायचं ठरवलंय. जुना काढून टाकतो." ते 'काढून टाकतो' ऐकून मी हातातली कपबशी खाली ठेवली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. या शब्दांचा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक आहे. वाचकांनाही तो सांगावयाचा आहे, पण आधी वाद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंदुरातल्या आपल्या जुन्या घरांतून तंबोरा, सतार, पेटी यांची जाण पिढ्यान्‌पिढ्या आहे. बास गिटारला मात्र आपण 'मुलांची ती चार तारांची गिटार' यापलीकडे ओळख दिलेली नाही.

कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर नावाचे एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. त्याआधी वाद्यवृंदातला खर्ज माणसाहून उंच अशा डबल बासवर वाजे. ढोल-तुताऱ्यांत तो बुडून जाई, आणि ते धूड गावोगाव नेणे ही वेगळीच शिक्षा. फेंडर यांनी वाद्य गळ्यात अडकवता येईल एवढे केले आणि त्यावर पडदे बसवले. बोट पडद्यामागे ठेवले की सूर नेमका लागतो, म्हणून नावात तो नेमकेपणा. १९५७ साली या वाद्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला, १९६० साली दोन पिकअपांची 'जाझ बास' आली, आणि १९६५ च्या आरंभी फेंडर यांनी कंपनीच विकून टाकली. आज 'व्हिंटेज' म्हणून जी नवी वाद्ये मिळतात, ती पुष्कळशी या चौदा वर्षांतल्या नमुन्यांवरून बेतलेली असतात. खुद्द फेंडर कंपनीने १९८२ पासून १९५७ आणि १९६२ च्या घाटाची वाद्ये पुन्हा काढली. भाच्याची बास याच जातीची, म्हणजे रूप १९६२ चे आणि वय चार वर्षांचे.

पिकअप हा या वाद्याचा कान. लोहचुंबकाच्या बुटक्या कांड्या, आणि त्यांच्याभोवती सुमारे दहा हजार वेढे घेतलेली तांब्याची तार. तार कसली, केसच म्हणा, जाडी मिलिमीटरचा सोळावा भाग. वरून पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते, आणि फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे त्या वेढ्यांत वीज उमटते. वेढे वाढवले की आवाजाचा जोर वाढतो, पण वरची धार बोथट होते. चुंबक बदलला की स्वभाव बदलतो. जुन्या वाद्यांत ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रणाचे चुंबक असत. १९७० नंतर अमेरिकेत बदली पिकअप करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या, त्यांनी अधिक जोरकस चुंबक आणि अधिक वेढे यांची चढाओढ लावली. त्या सगळ्यांना वाईट म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्यातले काही पिकअप फार उत्तम आहेत.

आता माझी गोष्ट. १९७४ साली मुंबईच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या गोवेकर वादकाकडून मी साठच्या दशकातली एक प्रिसिजन घेतली. आईने बाजूला ठेवलेल्या पैशांतले निम्मे त्यात गेले. बारा वर्षे मी ती इथल्या ऑर्केस्ट्रांत, मांडवांत, लग्नांत वाजवली. १९८६ साली एका रात्री ती एकाएकी मुकी झाली. या वाद्यात पिकअपचे दोन भाग एकामागोमाग जोडलेले असतात. एकाच्या पोटातली तार तुटली की दुसऱ्याचाही आवाज जातो. हे मला तेव्हा कळत नव्हते. दुसऱ्या शहरातल्या एका कारागिराने उघडून पाहिले आणि म्हणाला, पिकअप मेला, नवा घाला. एक नातलग अमेरिकेहून येणारच होता, त्याने एक जोरकस पिकअप आणला, आणि तो बसला. नव्या आवाजावर मी इतका खूश होतो की जुन्याची चौकशी महिन्याने केली. "ते? ते भंगारात गेलं," असे उत्तर मिळाले.

मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचू लागला, हे खरे. पण पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावल्यावर जो गोल, भरीव घुमारा निघतो तसे काही त्या वाद्यात पूर्वी होते, ते गेले. तुटलेली एक तार पुन्हा गुंडाळता आली असती. पंख्याच्या मोटारी बांधणारे कारागीर आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत. ही तार त्यांच्या तारेहून कितीतरी बारीक खरी, पण काम त्याच जातीचे. चुंबक तेच, साचा तोच, फक्त वेढे नवे. तंबोऱ्याची जवारी बसली म्हणून कोणी भोपळा फेकून देत नाही, हे आमच्या आजोबांपासून मी ऐकत आलो, आणि ज्या दिवशी ते आठवायला हवे होते त्या दिवशी आठवले नाही.

म्हणून भाच्याला मी विचारले, "तुझी तक्रार तरी काय आहे?" तक्रारी तीन निघाल्या. आवाज कर्कश आहे, जाड तारेवरचा सूर डगमगतो, आणि ड्रम सुरू झाले की आपण ऐकू येत नाही. चिरंजीवांच्या मते तिन्हींवर औषध एकच.

इथे डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सन यांचे नाव घेतले पाहिजे. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांखालचा बास त्यांचा. वाद्य १९६२ ची प्रिसिजन, तुम्हा-आम्हाला दुकानात मिळाली असती तशीच. पण तारा सपाट वेटोळ्याच्या, जाड, आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या; घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा; आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. ध्वनिमुद्रणात वाद्य सरळ कन्सोलला जोडलेले. १९८३ साली त्यांच्या मृत्यूच्या थोडेच आधी ते वाद्य चोरीस गेले. आज लोक 'जेमर्सनचा आवाज' म्हणून पिकअप विकत घेतात आणि त्यावर चकचकीत नव्या, गोल वेटोळ्याच्या तारा चढवतात. तो आवाज अर्धा तारांत आणि फोमात होता, आणि उरलेला बहुतेक त्या एका बोटात. पिकअपने फक्त ऐकले.

भाच्याच्या वाद्यावरही गोल वेटोळ्याच्याच तारा होत्या. त्या उतरवून सपाट चढवल्या, कर्कशपणा गेला. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन जाड तारांच्या बाजूचा पिकअप दोन मिलिमीटर खाली केला. चुंबक तारेला फार जवळ आला की तिला आपल्याकडे ओढतो आणि सूर डगमगतो. ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही, कारण स्क्रू फिरवायला काही विकत घ्यावे लागत नाही. दुसरी तक्रारही मिटली. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास गेला.

जाझ बासवाल्यांचे गाऱ्हाणे निराळे असते. त्यांच्या वाद्यात दोन्ही पिकअप सारखे उघडे ठेवले तर घूं थांबते, एकच ठेवला तर ऐकू येते. त्यावर दुहेरी वेटोळ्याचे नि:शब्द पिकअप मिळतात आणि ते घालण्यात पाप नाही. मात्र आधी घरच्या वायरिंगला अर्थिंग आहे की नाही ते पाहावे. आपल्या जुन्या वाड्यांत बहुधा नसते.

तिसरी तक्रार राहिली. तीन-चार तालमी मी स्वतः मांडवात बसून ऐकल्या. पोराचे म्हणणे खरे होते. त्याच्या साथीदारांच्या गोंगाटात तो सौम्य आवाज उरत नव्हता. कोणी म्हणेल, मग साथीदारांना हळू वाजवायला सांगा. सांगून पाहिले. वीस वर्षांच्या मुलांना ते सांगणे म्हणजे राजवाड्यासमोरच्या रिक्षांना हॉर्न वाजवू नका म्हणण्यासारखे आहे. तेव्हा पिकअप बदलावा, असेच माझे मत पडले. वाद्य देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी नसते. जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जाझ बासचे तर पडदेच काढलेले होते, खाचा बुजवून वर इपॉक्सीचा थर दिलेला होता, आणि १९७६ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीने या वाद्याची वाटच बदलली. पण भाच्याचे वाद्य चार वर्षांचे आहे आणि तसे आणखी मिळते. ज्याच्याकडे खरोखर साठ वर्षांपूर्वीचे असेल, त्याने मात्र माझे ऐकावे आणि सोल्डरची कांडी तापवू नये. पिकअप मेला असेल तर पुन्हा गुंडाळून घ्यावा, आणि जिवंत असेल तर गप्प बसावे. अशा वाद्याची किंमतही मूळचा पिकअप गेला की उतरते, पण ते माझ्या दृष्टीने दुय्यम.

नवा पिकअप आमच्याच व्हरांड्यात बसला. जुना निघाला तेव्हा भाच्याने तो सहज पाटावर टाकला. मी उठून बिस्किटांचा रिकामा डबा आणला, पिकअप फडक्यात गुंडाळून आत ठेवला, चारही स्क्रू कागदाच्या पुडीत बांधले आणि डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहिले : पांढरी तार व्हॉल्यूमला, काळी जमिनीला. डबा लोखंडी कपाटात, हिशेबाच्या वह्यांच्या मागे आहे. भाचा हसला. सौभाग्यवती हसल्या नाहीत.