तेल वाचलं, कोळीणही टिकू दे!

घरात एअर फ्रायर आला आणि लेकीचा पहिलाच प्रश्न, "आई, यात मासे होतील?" झाले की! रावसाच्या बिनकाट्याच्या तुकड्यांना हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावलं. अर्ध्या तासानं रवा आणि तांदळाचं पीठ दाबून लावलं. वरून चमचाभर तेलाचा हात मात्र हवाच. या यंत्रात पंख्यानं गरम हवा फिरते. तेल नसेल तर रवा कोरडा, पांढराच राहतो. तुकडे एकावर एक न रचता १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवले, मध्ये एकदा उलटले.

तेल वाचलं, ओट्यावरचे शिंतोडेही. पण मैत्रिणींनो, बिनकाट्याचा मासा हवा म्हणून आपण सरळ गोठवलेल्या बासाचं पाकीट उचलतो. बासा मूळचा व्हिएतनामकडचा, गोड्या पाण्यातला. तो वाईट नाही. पण आपण अंधेरीकर, वेसाव्याचा कोळीवाडा जवळ असताना?

बाजारातल्या मावशींना मी काटा काढून मागितला. त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर रोज दिला असता!"

खरंच, आपण विचारतच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांची तजवीज कोळणीला उरलेल्या दहा महिन्यांतच करावी लागते.

यंत्र खुशाल वापरा. मासा मात्र तिच्या पाटीतला घ्या, आणि काटा काढायचे चार पैसे घासाघीस न करता द्या.