मंत्रातला 'त्र'

'मनाला तारतो तो मंत्र.' मुंजीच्या मांडवात, योगाच्या वर्गात ही फोड आता व्युत्पत्ती म्हणून बिनदिक्कत खपते. कानाला गोड लागते, पण व्याकरणात बसत नाही.

'त्र' म्हणजे राखणारा, असे शब्द संस्कृतात आहेत, हे कबूल. आतपत्र म्हणजे उन्हापासून राखणारी छत्री. पण तिथं 'त्र'च्या आधी 'आतप' हे अख्खं नाम उभं आहे. त्याच चालीनं मनाला तारणारा तो 'मनस्त्र' व्हायला हवा होता. मंत्रात आहे तो 'मन्' हा विचार करण्याचा धातू आणि पुढं साधन दाखवणारा प्रत्यय. नेत्र, शस्त्र, पात्र यांतला. पात्र म्हणजे पिणाऱ्याला तारणारं, असं कुणी म्हणतं का? ते पिण्याचं साधन, हे मननाचं. यास्कानंही निरुक्तात मंत्राचं नातं मननाशीच जोडलं. शिवाय पारशांच्या अवेस्तेत हाच शब्द 'मांथ्र' म्हणून भेटतो, इतका तो जुना. तारक अर्थ उपासकांनी मागाहून भरला. जपाला बसताना तो खुशाल घ्यावा, शब्दाचा जन्मदाखला म्हणून पुढं करू नये.

दुसरी तक्रार सोवळ्यातली. 'यशाचा मंत्र', 'वजन घटवण्याचा मंत्र' म्हणजे म्हणे पवित्र शब्दाचा विटाळ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्र म्हणजे राजाची मसलत. मंत्री त्यातूनच आला. पोपट-मैनांनी, कुत्र्यांनीही मसलत फोडल्याचं ऐकिवात आहे, असं कौटिल्य बजावतो. मुंबईतल्या सचिवालयाचं १९७५ साली मंत्रालय झालं, तेव्हाही कुणाचा देव बाटला नव्हता.

माझं भांडण बोभाट्याशी आहे. दीक्षेचा असो की दरबाराचा, मंत्र हलक्या आवाजात द्यायचा. 'कानमंत्र' म्हणताना मराठीला हे पक्कं ठाऊक असतं. फलकावरच्या मंत्राचं मात्र मंत्र थोडा, थुंकी फार.

गेल्या वैशाखात एका मुंजीला गेलो होतो. बटू आणि वडील उपरण्याखाली, वडिलांचं तोंड मुलाच्या कानाशी, शेजारी गुरुजी. गुरुजींचा माईक चालूच राहिलेला. गायत्री कर्ण्यातून थेट पंगतीपर्यंत पोचली. गुरुजी ओशाळून बटण चाचपू लागले, तोच बटूचे मामा ओरडले, "राहू द्या हो गुरुजी, व्हिडिओत छान येतंय!"